टायटॅनियमच्या कुंड्या

घरामागच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मी भाताची रोपं कुंड्यांत वाढवते हे आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत होतं. कशासाठी वाढवते, ते मात्र फार थोड्यांना माहीत होतं. सासूबाईंना कोणी विचारलंच तर त्या सांगत, "सून भाताक औषध पाजता." ते अगदीच खोटं नव्हतं.

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तेव्हा नोकरी, घर आणि पीएच.डी. हे तिन्ही एकदम चाललं होतं. विषय होता, टायटॅनियममुळे भाताच्या रोपांची वाढ आणि त्यांच्या विकरांचं काम कसं बदलतं. विकर म्हणजे एन्झाइम. प्रत्येक जिवंत पेशीत ही प्रथिनं सतत राबत असतात. अन्न तयार करणं, ते मोडणं, आत साचणारं विष निपटणं, अशी एकेकाकडे एकेक कामगिरी. रोपाला काही सोसत नसेल तर पान पिवळं पडण्याआधीच त्याच्या विकरांत फरक पडलेला असतो. डोळ्यांना हिरवंगार दिसणारं रोप आतून हैराण झालेलं असू शकतं, आणि ते विकरं सांगतात. मला या विषयाची गोडी लागली ती त्यामुळेच.

टायटॅनियमच घेतलं, कारण ते आमच्या दारात होतं. आमच्या किनाऱ्यावर भरती ओसरली की पांढऱ्या वाळूवर काळ्या रेतीचे पट्टे उरतात. त्यातून लोहचुंबक फिरवला की काळे कण केसांसारखे चिकटून वर येतात. या काळ्या रेतीत लोखंडाच्या जोडीने टायटॅनियम असतं. आपल्या गावच्या धातूवर आपण काम करावं, असं मला वाटलं, आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमनाही ते पटलं.

भाताचं बियाणं काकांनी दिलं. काका म्हणजे माझे चुलत सासरे. सासरे गेल्यापासून घरात वडीलधारे पुरुष तेच. त्यांचं घर आमच्या दगडी गडग्यापलीकडे. माझा नवरा गोव्यात नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्यामुळे नळ बिघडला, माडावरून नारळ काढायचे असले, की हाक काकांनाच जायची. किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांचा वाळूचा उंचवटा आहे आणि त्याच्या आतल्या अंगाला काकांचं वायंगण. पावसाळी भात कापून झाल्यावर विहिरीच्या आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यावर थंडीत जे दुसरं भात लावतात, ते वायंगण. समुद्र एवढ्या जवळ असूनही त्या विहिरीचं पाणी गोडं आहे, याचा काकांना फार अभिमान. पाहुणा आला की ते त्याला आधी त्या विहिरीचं पाणी पाजायचे आणि तो काय म्हणतो याची वाट बघत उभे राहायचे.

कुंड्यांच्या मी चार रांगा केल्या होत्या. पहिल्या रांगेला साधं पाणी. दुसरीला टायटॅनियमचा अगदी पातळ फवारा, तिसरीला मध्यम, चौथीला दाट. हे टायटॅनियम रेतीतलं नव्हतं. लिंबात असतं त्या आम्लाशी बांधून पाण्यात विरघळवलेलं, प्रयोगशाळेतून बाटलीत आणलेलं. कोंबड्या शिरू नयेत म्हणून वरून मासेमारीचं जुनं जाळं टाकलं होतं.

दुसरी रांग पहिलीपेक्षा उजवी निघाली. पानं जास्त हिरवी, मुळं लांब, आणि विकरंही जोमात. कॅटलेज नावाचं एक विकर आहे. पेशीत तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखमेवर ओतलं की फेसाळतं तेच औषध, ते हे विकर मोडून टाकतं. दुसऱ्या रांगेत ते चांगलंच वाढलेलं होतं. तिसरी रांग पहिलीच्या आसपास. चौथीत मात्र उलटं घडलं. आधी कॅटलेज एकदम उसळलं, मग हळूहळू ढासळत गेलं. मुळं तपकिरी आणि आखूड पडली, नवं पान फिकट निघायला लागलं. टायटॅनियम थोडं असलं की रोपाला लोखंड वापरायला मदत होते, आणि जास्त झालं की तेच लोखंडाच्या आड येतं, असा माझा अंदाज होता. अजून एक मोजणी व्हायची होती, शेवटची.

त्याच सुमाराला कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं. मी चारही रांगांतली एकेक कुंडी मांडली आणि खाली माहिती लिहिली. बघायला बरेच लोक आले, फोटो काढून गेले. नंतर एक दिवस मी वर्गातून बाहेर आले तर मोबाइलवर मला माझ्याच कुंड्या दिसल्या. चारांतल्या फक्त पहिल्या दोन. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आपल्या किनाऱ्यावरचं टायटॅनियम भातासाठी वरदान! स्थानिक प्राध्यापिकेचं संशोधन." खाली कॉलेजचं नाव.

गावात तेव्हा काळ्या रेतीवरूनच वातावरण तापलेलं होतं.

एका कंपनीला ती रेती हवी होती. सुरूच्या उंचवट्याजवळ त्यांच्या माणसांनी लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या होत्या. गावाची संमती मिळावी म्हणून घरोघरी फिरणं चालू होतं, आणि देवळात सभाही ठरली होती. कोणी म्हणे पोरांना नोकऱ्या लागतील, कोणी म्हणे उंचवटा गेला की समुद्र थेट माडांत येईल. एका घरातले दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आणि आता मध्येच माझा फोटो.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचे एक साहेब आमच्या घरी आले. माणूस अतिशय सभ्य. चपला पायरीखाली काढल्या, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, दिलेला चहा पूर्ण प्यायले.

"मॅडम, तुमचं काम फार मोलाचं आहे," ते म्हणाले. "लोकांच्या मनात उगाच भीती आहे की ही खनिजं म्हणजे विष. तुम्ही दाखवून दिलंत की भाताला ती मानवतात. सभेत फक्त एवढंच सांगाल का?"

"तो फोटो अर्धा आहे," मी म्हटलं. "दाट फवाऱ्याची रोपं खुंटली. ती कुंडी कापून टाकलीय कोणीतरी."

"ते बारकावे झाले. सामान्य माणसाला एवढं कुठे कळतं?" ते हसले. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं जुनी आहेत असं ऐकलं. त्या बाबतीत काही करता येईल. कॉलेजसाठी, हं. तुमच्यासाठी नाही."

आमचं यंत्र खरोखरच जुनं होतं. त्याचा काटा स्थिर व्हायची वाट बघत मी कितीतरी दुपारी घालवल्या होत्या. मी एवढंच म्हणाले, "मी सभेत बोलणार नाही."

"विचार करा," ते म्हणाले, आणि पुन्हा नमस्कार करून गेले.

ते वळणापाशी गाडीत बसले तेव्हा वाडीतली निम्मी माणसं आपापल्या दारात उभी होती.

संध्याकाळी काका आले. नेहमी ते गडग्याला वळसा घालून, खाकरत, हातात काहीतरी घेऊन येत. त्या दिवशी समोरून आले, रिकाम्या हाताने, आणि पडवीतसुद्धा चढले नाहीत. मोबाइल माझ्यासमोर धरला.

"ह्यो तुझोच फोटो मां?"

"फोटो माझ्या कुंड्यांचो, काका. पण लिवलला माझा नाय."

"मगे कोणाचा?"

"माका म्हायत नाय. दोनच कुंड्यो ठेवल्यानी. वायट झालली रोपां दाखवकच नाय."

"ता लोकांका कोण सांगतला?" त्यांचा आवाज चढला. "तो साहेब तुमच्या घराक इलो, चाय पिवन गेलो. सगळ्या गावान बघितल्यान. माका लोक इचारतत, तुमच्या घरातच कंपनी बसली काय म्हणान. मी काय सांगू तेंका?"

सासूबाई मध्ये पडल्या. "भावजी, दारात इलल्या माणसाक चाय दिल्यार काय झाला?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "येक सांग माका," ते मला म्हणाले, "तू आमची सून काय तेंची?"

मी प्रयोग समजावून सांगू लागले. पातळ फवारा, दाट फवारा, लोखंड. अर्ध्यावरच ते वळून चालायला लागले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. शाळेत जाणाऱ्या मुलांनी एकदा मला "टायटॅनियम बाय" अशी हाक मारली आणि पळ काढला. दुसरीकडे, कंपनीच्या बाजूचे लोक मला रस्त्यात थांबवून अभिनंदन करत, ते तर त्याहून नकोसं वाटे. मार्गदर्शक मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "शेवटची मोजणी नीट कर. तुझ्याकडे बोलायला तेवढंच आहे."

मोजणी ठरलेल्या दिवशी मी उजाडताना उठले. पानं कोवळ्या उन्हात तोडायची, लगेच बर्फात ठेवायची, आणि कॉलेजात नेऊन थंड असतानाच वाटायची. उकाड्यात विकर फार वेळ टिकत नाही. मागचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले.

जाळं एका बाजूला फेकलेलं होतं. रांगा मोडल्या होत्या. माती खळ्यात पसरली होती आणि तिच्यात रोपं आडवी पडली होती, मुळं उघडी. आणि मधोमध वाकलेले काका. त्यांच्या हातात एक कुंडी होती, अर्धी उलटी केलेली.

"काका?"

ते ताठ झाले. कुंडी त्यांच्या हातातून सुटली, पण फुटली नाही. माझ्यामागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"भावजी, ह्या तुमी केलास?"

काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. रागाने की लाजेने, मला कळलं नाही. "ही रोपां आसत तवसर तो साहेब येतलो," ते म्हणाले. "रोपां नाय, साहेब नाय." आणि साठीच्या पुढचा तो माणूस वळसा न घालता तसाच गडगा ओलांडून पलीकडे गेला.

मी तिथेच खाली बसले. रडूही येईना. एवढ्या दिवसांचं काम मातीत पडलं होतं. सासूबाई मात्र आत गेल्या आणि घरातली होती नव्हती तेवढी पातेली पाण्याने भरून घेऊन आल्या.

"बसतस काय? खंयचा रोप खंयचा ता तुका कळता मां? माका सांग, मी पाण्यात ठेवतंय."

प्रत्येक कुंडीतल्या रोपांना मी रांगेप्रमाणे रंगीत दोरा बांधला होता, तो अजून शाबूत होता. आम्ही दोघींनी मिळून रोपं निवडली. काही दुमडली होती, काही नुसतीच उपटली गेली होती. पातेल्यांत उभी केल्यावर बरीचशी मान धरून राहिली. काकांचा राग मोठा होता, पण हात शेतकऱ्याचा होता. त्यांनी रोपं चिरडली नव्हती. नुसती उपटली होती, लावणीच्या वेळी तरव्यातली रोपं उपटतात तशी. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला जास्तच कसंतरी झालं.

"झिलाक आताच सांगू नको," सासूबाई म्हणाल्या. "तो रागान येतलो, आणि मगे दोन घरां कायमची तुटतली."

नवऱ्याला एवढ्यात काही सांगायचं नाही, यावर मी मान हलवली. पानं तोडून मी बर्फासाठी डबा घेतला. बर्फ मी नेहमी कोपऱ्यावर मासे विकणाऱ्या मावशींकडून घेत असे. त्यांच्या पेटीतला बर्फ बांगड्याच्या वासाचा असायचा आणि प्रयोगशाळेत सगळे नाक धरून हसायचे.

"मावशी, बर्फ होयो थोडो."

"नाय."

"ह्यो काय पेटयेत?"

"तो माशांक," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुझ्या कंपनीच्या भाताक नाय."

ऊन चढत होतं. बस यायची वेळ होत आली होती. मी रिकामा डबा घेऊन परत आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं काम टाकलं, पदर खोचला आणि माझ्या हातातून डबा घेतला. मी मागोमाग गेले.

"गो," कोपऱ्यावर पोचताच त्या म्हणाल्या, "तुझ्या चेडवाच्या बाळंतपणात मी तुझ्या घराक ऱ्हवलंय. तेव्हा तू माका इचारलंस नाय, खंयच्या बाजूची म्हणान. आता बर्फाक इचारतस?"

मावशींनी डबा ओढून घेतला आणि तो शिगोशीग भरला. झाकण लावताना त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

कॉलेजात मी दुपारपर्यंत पानं वाटत आणि मोजत राहिले. यंत्राचा काटा नेहमीसारखा थरथरत होता. चौथ्या रांगेचं कॅटलेज साध्या पाण्याच्या रोपांच्याही बरंच खाली गेलेलं दिसलं. पण दुसऱ्या रांगेतलं सुद्धा उतरलं होतं, पहिलीच्या जवळपास आलं होतं. त्याचं कारण फवारा नव्हता. मुळं उघडी पडल्याचा तो धक्का होता. म्हणजे यातलं काय टायटॅनियमचं आणि काय काकांच्या हाताचं, हे वेगळं करता येईना. मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजचे आकडे बाद. पुढच्या हंगामात पुन्हा पेरावं लागेल." एक वर्ष गेलं. मी प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात जाऊन एकटीच रडले, आणि तोंड धुऊन पुढचा तास घेतला.

सभा देवळाच्या सभामंडपात होती. बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण जायचं तर होतंच. निघताना, का कोण जाणे, पुन्हा लावलेल्या रोपांतल्या तीन कुंड्या मी टोपलीत ठेवल्या. सोबत कॉलेजातून आणलेलं पेरॉक्साइड, छोटा खल आणि काचेचे तीन पेले. सासूबाई माझ्याबरोबर होत्या. काका पुढच्या रांगेत खांबाला टेकून बसलेले दिसले. आम्हाला बघून त्यांनी मान वळवली.

साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली. रस्ता, दवाखाना, हसणारी मुलं. आणि मग माझ्या दोन कुंड्या, भिंतभर.

"हे बाहेरच्या कोणाचं नाही, तुमच्याच सूनबाईंचं संशोधन आहे," ते म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "तिका काय इचारतास? ती तेंचीच!" आपण उठलो कधी, ते मला कळलं नाही. टोपली घेऊन मी पुढे गेले आणि सरपंचांना विचारलं, "बोलू?" त्यांनी हाताने गर्दीला गप्प केलं.

मी शिकवताना प्रमाण मराठीत बोलते. त्या दिवशी तोंडातून मालवणीच आली.

"फोटोत तुमका दोन कुंड्यो दिसतत. ही साध्या पाण्याची, ही पातळ फवाऱ्याची. ही तिसरी दाट फवाऱ्याची. ही फोटोत नाय. ही कोणी कापल्यान ता माका म्हायत नाय."

फिकट, खुरटी रोपं मी वर धरली. मग प्रत्येकीचं पान खलात वाटून एकेका पेल्यात घातलं आणि वरून पेरॉक्साइड ओतलं. निरोगी पान असेल तर फेस येतो, एवढंच सांगितलं. माझ्या मनात धाकधूक होती. धक्का खाल्लेली ती रोपं काय करतील याची मला खात्री नव्हती. पहिल्या पेल्यात फेस चढला. दुसऱ्यातही चढला, जवळजवळ तेवढाच. तिसऱ्यात काठाला चार बुडबुडे आले आणि विरले. पुढच्या बायका माना उंचावून बघत होत्या.

साहेब उठले. आवाज तसाच मऊ. "मॅडम, एक शंका. ही रोपं मुळातून हललेली दिसतात. माती ताजी आहे. अशा रोपांवरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून आहे का?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्यांच्या जागी मी असते तरी तोच विचारला असता.

"नाही," मी म्हटलं. "ही रोपं उपटली गेली होती. शेवटच्या मोजणीचे आकडे मी बाद केलेत."

"उपटली? कोणी?"

गर्दीतून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघितलं. उत्तर द्यायचं नव्हतं, आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

"मी उपटलंय."

काका उभे राहिले होते. खांबाला धरून. "माका वाटला, ती तेंच्या बाजूची. म्हणान सकाळीच जावन कुंड्यो उलथ्यो केलंय. तिना माका बघितल्यान. तरी कोणाक सांगूक नाय. घोवाकसुद्धा." ते सरपंचांकडे वळले. "आता तरी तिका बोलाक देवा."

ते बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, नाहीतर मला पुढे बोलता आलं नसतं.

"ही रोपां सोडून देवा," मी म्हणाले. "आदीच्या मोजणेत पातळ फवाऱ्यान भात थोडा बरा झाला, दाट फवाऱ्यान वायट झाला. दोन्ही खरा. पण ता औषध बाटलेतला. रेतयेतला टायटॅनियम दगडात बंद आसा, पाण्यात इरघळणा नाय. भाताक ता गावणाच नाय. आणि आता येक मी इचारतंय. ता भाताक बरा आसा, तर मगे आमच्या किनाऱ्यावरसून काढून खंय नेतास? न्हेल्यार आमच्या भाताक काय रवतला?"

आधी एक म्हातारी हसली, मग तिच्या बाजूची, मग सगळा सभामंडप. साहेबसुद्धा ओशाळं हसले.

हसणं ओसरल्यावर मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती काहींना आवडली नाही. उंचवटा खणला तर विहिरी खाऱ्या होतील की नाही, हे माझ्या कुंड्यांतून कळत नाही. त्यासाठी पाण्याची माहिती असलेला माणूस बोलवा. मला ते येत नाही. "मगे तू इल्लंस कशाक?" असं एकाने विचारलंही. पण त्यानंतर सभेत टायटॅनियमचं नाव कोणी घेतलं नाही. लोक विहिरींबद्दल, माडांबद्दल, होड्या ओढून ठेवायच्या जागेबद्दल बोलले. जोरात बोलले, एकमेकांवर धावूनही गेले. शेवटी सरपंचांनी हात वर करायला सांगितलं, आणि पाण्याची तपासणी होईपर्यंत संमती नाही असं ठरलं.

खुंट्या पुढे बरेच दिवस होत्या. नंतर त्यातल्या काही कोणीतरी उपटल्या, काही वाळूखाली गेल्या. प्रकरण मिटलं असं मात्र अजून कोणी आम्हाला सांगितलेलं नाही. साहेबांची बदली झाली असं ऐकते. नोकरीच्या आशेवर असलेली काही घरं आजही माझ्याशी तुटक बोलतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

काका सभेनंतर कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. शेवटी सासूबाईंनीच तांदळाचे घावणे केले आणि त्यांना हाक मारली. ते आले, पडवीत बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरीस गेला मां तुझा?"

"गेला, काका."

"माझ्यामुळा."

"असू दे" म्हणणं सोपं होतं, पण ते खरं झालं नसतं. मी त्यांच्या पानात आणखी एक घावणा वाढला. त्यांनी तो खाल्ला.

पुढच्या हंगामात मी सगळं पहिल्यापासून केलं, या वेळी कॉलेजच्या आवारात, कुलुपात. निकाल साधारण तसेच आले. पातळ फवाऱ्याचा फायदा या खेपेला जरा कमीच दिसला, दाट फवाऱ्याचं नुकसान मात्र तेवढंच स्पष्ट. प्रबंधात मी दोन्ही लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की एका हंगामाचे आकडे का गाळलेत. रोपांची मुळं दुखावली होती, एवढंच मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

पदवी मिळाल्याचं कळल्यावर काका वायंगणातून तसेच चिखलाच्या पायांनी आले. हात धुवत धुवत त्यांनी विचारलं, "मगे माझ्या भाताक मारू काय ता पातळ औषध?"

"नको, काका," मी म्हटलं. "कुंडीत झाला म्हणजे शेतात होतलाच, असा नाय. अजून म्हायत नाय."

"म्हायत झाला की सांग," ते म्हणाले, आणि भाताला पाण्याची पाळी द्यायची होती म्हणून घाईने शेताकडे गेले.